निवासी शाळा कशी पारखावी? (हॉस्टेल आणि घरून येणारी मुलं, दोन्ही असलेली)

कासारवडवलीची | ९ नोव्हेंबर, रात्री ११:१०

नमस्कार. कित्येक वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चूकभूल सांभाळून घ्या.

लेक दहा वर्षांची, पाचवीत. ठाण्यातल्याच सीबीएसई शाळेत आहे, शाळेबद्दल मोठी तक्रार नाही. सहावीपासून तिला निवासी शाळेत घालावं असं आम्हा दोघांच्या मनात आहे. घाटावरची एक खासगी शाळा बघून ठेवलीय (नाव मुद्दाम लिहीत नाही). तिथे हॉस्टेलही आहे आणि आसपासच्या गावांतून, जवळच्या शहरातून रोज येऊन-जाऊन शिकणारी मुलंही. माहितीपुस्तक इतकं देखणं की नवरा म्हणाला, आपणच जाऊन राहू. घोडे आहेत, पोहण्याचा तलाव आहे, एका वर्गात चोवीस मुलं.

प्रश्न असा की अशा मिश्र शाळेचे फायदे-तोटे काय? पूर्ण निवासी शाळा बरी की ही? बघायला गेल्यावर काय विचारावं? नातेवाइकांत कोणी हॉस्टेलला राहिलेलं नाही, त्यामुळे आमची पाटी कोरी आहे.

सेक्टर_एकोणीस | ९ नोव्हेंबर, रात्री ११:३२

वाचतोय. आमचा नातू पुढच्या वर्षी याच वाटेवर आहे.

खवचट_काका | १० नोव्हेंबर, सकाळी ७:०५

घोडे मुलांसाठी असतात की फी वसूल करायला पाठवतात, हे आधी विचारा.

पाखाडी | १० नोव्हेंबर, सकाळी ९:४८

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. दहा वर्षांची मुलगी घरापासून दोनशे किलोमीटरवर ठेवायची, तर मूल कशाला होऊ दिलं? ठाण्यात शाळांचा दुष्काळ पडलाय का? पैसा आला की पोर जड होतं.

जुना_पेटीवाला | १० नोव्हेंबर, दुपारी १:१५

मी १९९१ ते ९७ पाचगणीत होतो, पाचवी ते दहावी. शाळेचं नाव सांगत नाही. तिथल्या शाळा तुम्हाला माहीत असतीलच. संजीवन १९२२ची, न्यू एरा १९४५ची. सेंट पीटर्स तर त्याहून जुनी, रॉक गायक फ्रेडी मर्क्युरी तिथे शिकला म्हणून जगात नाव झालं. हवा चांगली म्हणून इंग्रजांनी गाव वसवलं आणि त्याच हवेच्या जोरावर आमचे आईबाप आम्हाला सोडून गेले.

आमच्या शाळेतही गावातली मुलं रोज यायची. त्यामुळे तुमच्या मूळ प्रश्नावर बोलू शकतो. वर्गात सगळे सारखेच असतात. साडेतीनची घंटा झाली की दोन जाती होतात. एक घरी जाणारी, एक राहणारी. बाजारभावही ठरलेला असे. घरून येणाऱ्याच्या डब्यातलं एक थालीपीठ म्हणजे भूगोलाचा एक नकाशा काढून द्यायचा. लोणी असेल तर रंगवून. मी सहावीत महाराष्ट्राच्या नद्या अकरा वेळा काढल्या, आजही डोळे मिटून काढेन.

हे गमतीत सांगतोय, तेव्हा गंमत वाटायची नाही.

एक प्रश्न विचारा: राहणाऱ्या मुलांची संख्या किती आणि एकूण किती? निम्म्याहून जास्त राहणारी असतील तर ती शाळा राहणाऱ्यांची. सहाशेत चाळीस असतील तर ती दिवसाची शाळा आहे, मागे चार खोल्यांत मुलं झोपतात एवढंच.

आणि कपड्यांवर नंबर घालायचे असतात, त्याला उन्हाळ्याची सुट्टी पुरत नाही. माझा २१२. आईने प्रत्येक कपड्यावर लाल दोऱ्याने टाके घालून काढला होता, मोज्यांवरसुद्धा. पहिल्याच आठवड्यात मोजे गेले. महिन्याने एकाच्या पायात सापडले. शेवटच्या दोनाला चार टाके जास्त घालून त्याने २१८ केलं होतं. शिवण चांगली होती पोराची.

मोगरा_७७ | १० नोव्हेंबर, दुपारी १:४०

जुना_पेटीवाला, थालीपीठ वाचून हसले आणि मग वाईटही वाटलं. कासारवडवलीची, एक भोचक प्रश्न. शाळा चांगली आहे म्हणता, मग पाठवायचंय का? त्यावर उत्तर अवलंबून आहे.

कासारवडवलीची | १० नोव्हेंबर, रात्री १०:२०

मोगरा, प्रश्न भोचक नाही, मीच टाळला होता.

खरं कारण लिहिते. माझं ऑफिस फोर्टला, नवऱ्याचं महापेला. इतकी वर्षं सासूबाई घरात होत्या. मागच्या श्रावणात त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, आमची लिफ्ट वरचेवर बंद, म्हणून त्या चिपळूणला दिरांकडे गेल्या. लेक तीन वाजता बसमधून उतरते, गळ्यात किल्ली. मी घरी येते साडेसातला, तेही घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकने कृपा केली तर. पाळणाघरात ती आता जात नाही, 'तिथे सगळे बाळ आहेत' म्हणते.

जुलैत एकदा गायमुखला ट्रेलर बंद पडला, शेपूट पार मानपाड्यापर्यंत. त्यात पाऊस. मी पावणेदहाला दारात, नवरा माझ्या मागे वीस मिनिटांनी. लेक सोफ्यावर झोपलेली. ओट्यावर पातेलं, त्यात कच्चट मॅगी. गॅसला हात लावायचा नाही हे मीच बजावलेलं, म्हणून तिने गीझरच्या गरम पाण्यात मॅगी भिजवून खाल्ली होती. वर चिठ्ठी: 'तुमच्यासाठी ठेवली आहे.'

पाखाडी, मूल जड झालेलं नाही. तीन ते साडेसात जड झालेत.

पाखाडी | १० नोव्हेंबर, रात्री १०:५१

सकाळचे शब्द मागे घेतो. मत तेच आहे, पण शब्द वाईट होते.

वसतिगृहाची_ताई | ११ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

पुणे जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत नऊ वर्षं मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन होते. आता निवृत्त, डोंबिवलीत असते. जरा सविस्तर लिहिते.

घोडे, तलाव बघून या, छानच असतात. पण मी तुमच्या जागी असते तर या गोष्टी बघितल्या असत्या.

वॉर्डन किती वर्षं आहे? दर वर्षी नवीन वॉर्डन येत असेल तर तिथून निघा. दहा वर्षांची मुलगी इमारतीला बिलगत नाही, माणसाला बिलगते. आणि ते माणूस एप्रिलमध्ये बदलतं.

रात्री ताप चढला तर काय? 'आमचं हॉस्पिटलशी टायअप आहे' हे उत्तर सगळेच देतात. तुम्ही विचारायचं, रात्री गाडी आवारात उभी असते का, ड्रायव्हर कुठे झोपतो, मुलीबरोबर कोण जातं, आणि घरी फोन जाताना केला जातो की आल्यावर. आमच्याकडे ड्रायव्हर खालच्या गावात राहायचा. एका रात्री त्याला उठवून आणायला चाळीस मिनिटं गेली. त्यानंतर मी भांडून त्याला आवारात खोली मिळवून दिली.

तुमची लेक दहाची, म्हणजे पुढच्या काही वर्षांत पाळी येईल. बहुधा तिथेच. हा प्रश्न आया विचारत नाहीत, बापांच्या तर मनातही येत नाही. तेव्हा जवळ कोण असतं? रात्री बाई आवारात असते की फक्त पुरुष चौकीदार? पॅड मागायला ऑफिसच्या खिडकीशी जावं लागतं का? आमच्याकडे आधी कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली पुरुष सुपरवायझरकडे. मुली मागायच्याच नाहीत. मी कुलूप काढलं, तेव्हा 'चोऱ्या होतील' म्हणून मला मेमो मिळाला. पॅड चोरून कोण श्रीमंत होतं?

तक्रार वॉर्डनबद्दलच असेल तर मुलीने कोणाकडे जायचं? हे मुलींना माहीत आहे का, की फक्त फाईलमध्ये आहे? १०९८ हा मदतीचा नंबर भिंतीवर आहे का, आणि त्या भिंतीजवळ फोन आहे का? नंबर असतो, फोन नसतो. घरी बोलताना शेजारी कोणी उभं राहतं का, तेही विचारा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२च्या पॉक्सो कायद्यानंतर शाळा कागदपत्रांत पक्क्या झाल्या आहेत, म्हणून कागद बघून समाधान मानू नका.

घरच्या आठवणीचं म्हणाल तर पहिल्या आठवड्यात कोणी फारसं रडत नाही, नव्याची नवलाई असते. दुसऱ्या आठवड्यात रडतात, आणि वेळ ठरलेली, दिवेलागणीची. त्याहून अवघड म्हणजे दिवाळीच्या सुट्टीनंतर परत येणं. पहिल्यांदा कुठे चाललोय हे माहीत नसतं, दुसऱ्यांदा माहीत असतं.

शेवटी एकच. बघायला रविवारी जा. दुपारी चारच्या सुमाराला. शाळा म्हणेल सोमवारी या, रविवारी कोणी नसतं. तेच तर बघायचंय.

मोगरा_७७ | ११ नोव्हेंबर, दुपारी ३:५२

ताई, हा प्रतिसाद वेगळा धागा काढून वर चिकटवा कुणीतरी. वाचनखूण साठवली.

ऐरोलीकर | ११ नोव्हेंबर, रात्री ९:०५

मुलगा साताऱ्याच्या सैनिक स्कूलला आहे, नववीत. १९६१ची, देशातली पहिली सैनिक शाळा. तिथे हा मिश्र प्रकारच नाही, सगळेच राहणारे. कोणी साडेतीनला घरी जात नाही, त्यामुळे कोणाला मागे राहिल्यासारखं वाटत नाही. २०२१-२२पासून मुलींनाही सहावीत प्रवेश आहे. वय ३१ मार्चला दहा ते बारा. परीक्षा ३०० गुणांची, त्यातले १५० एकट्या गणिताचे, म्हणजे गणित कच्चं तर बाकी सगळं व्यर्थ. सहावीची परीक्षा मराठीतूनही देता येते.

पण तिथली शिस्त सगळ्यांना मानवत नाही. माझा रमला, चुलतभाऊ आठ महिन्यांत परत आला. मुलगा वाईट नव्हता, शाळाही नाही.

खवचट_काका | ११ नोव्हेंबर, रात्री ९:२०

आमच्या घरी पहाटे पाचला उठवायचं म्हटलं तर आधी बायकोला सैनिक शाळेत घालावं लागेल. आणि ती मला घालेल.

पनवेलकरीण | १२ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

नवोदयचा (केंद्र सरकारच्या निवासी शाळांचा) विषय निघेलच म्हणून सांगते. शिक्षण, राहणं, जेवण सगळं फुकट आणि उत्तम, पण ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, आणि मूल पाचवी ज्या जिल्ह्यात शिकतंय त्याच जिल्ह्याच्या नवोदयला अर्ज करता येतो. नवी मुंबईवाल्यांची इथे हमखास गफलत होते. ऐरोली, वाशी, नेरूळ ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, पनवेल रायगडात. रायगडचं नवोदय माणगाव तालुक्यात निजामपूरला.

आता माझा अनुभव. मोठ्याला तीन वर्षांपूर्वी एका खासगी निवासी शाळेत घातला होता. सप्टेंबरात काढून आणला. मारहाण वगैरे काही नाही. त्याला तिथे कोणी नावाने हाकच मारत नव्हतं, एवढंच. परत आणल्यावर कळलं की वर्षाची पूर्ण फी तर गेलीच, डिपॉझिटसाठी 'एक सत्र आधी लेखी नोटीस' ही अट फॉर्मच्या मागच्या पानावर होती. सही माझीच. मागचं पान मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. दाखल्यासाठी चार चकरा झाल्या त्या निराळ्याच. तेव्हा सही करण्याआधी 'मध्येच काढलं तर काय' हे लेखी घ्या. तोंडी सगळे गोड असतात.

सेक्टर_एकोणीस | १२ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

हिशेबाचा माणूस आहे, हिशेबाचंच बोलतो.

शुल्क नियमनाचा राज्याचा कायदा २०११चा, तो खासगी शाळांनाही लागू आहे, बोर्ड कुठलंही असो. पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती सोडत काढून निवडायची असते आणि ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. म्हणून फीचा तक्ता बघताना 'समितीने मंजूर केलेली फी दाखवा' म्हणा. चेहरा बघण्यासारखा होतो.

बारावीपर्यंतच्या शाळेने स्वतःच्या विद्यार्थ्यांना दिलेल्या सेवेवर जीएसटी नाही, त्यात हॉस्टेलही आलं. कोटेशनवर जीएसटीची वेगळी ओळ दिसली तर कशाचा ते विचारा. प्राप्तिकरात जुन्या पद्धतीने जात असाल तर दीड लाखाच्या मर्यादेत वजावट मिळते ती फक्त ट्यूशन फीची, हॉस्टेल-मेसची नाही. म्हणून पावतीवर दोन्ही रकमा वेगळ्या लिहून घ्या.

फीच्या आकड्यावर जाऊ नका. गणवेशाचे चार प्रकार, धुलाई, सहली, घोडेस्वारी 'ऐच्छिक', शिवाय दर भेटीच्या रविवारी ठाण्याहून जायचं-यायचं डिझेल, टोल, बाहेरचं जेवण. ही दुसरी फी. ती कोणत्याच समितीने मंजूर केलेली नसते.

सीबीएसई शाळांना आपल्या वेबसाइटवर अग्निसुरक्षा, इमारत सुरक्षा, पाणी-स्वच्छता ही प्रमाणपत्रं टाकावीच लागतात. उघडून तारीख बघा. दुव्यावर टिचकी मारल्यावर कोरं पान आलं तर तेही उत्तरच आहे.

पाखाडी | १२ नोव्हेंबर, दुपारी १:०२

हे सगळं करण्यापेक्षा आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागून बघितलं का? विचारतोय, टोमणा नाही.

कासारवडवलीची | १२ नोव्हेंबर, रात्री ११:००

मागितलं. एक दिवस मिळाला, बुधवार. नवऱ्याला नाही.

ताई, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. कपाटाच्या किल्लीपाशी तो उठून पाणी प्यायला गेला. पुढच्या रविवारी जातोय. शाळेने खरंच सोमवारी या म्हटलं. मी म्हटलं सोमवारी सुट्टी नाही. मग 'बघतो' म्हणाले.

जुना_पेटीवाला | १३ नोव्हेंबर, सकाळी ८:१२

लेकीला बरोबर न्या. आणि तिला एकटीला मुलींशी बोलू द्या, तुम्ही ऑफिसात चहा घेत बसा. आपण समोर असलो की पोरं 'छान आहे' एवढंच म्हणतात. मी सहा वर्षं दर रविवारी पोस्टकार्डावर तेच लिहिलं. सर वाचूनच टाकायचे पेटीत.

---

कासारवडवलीची | २४ नोव्हेंबर, रात्री १०:३५

जाऊन आलो. उशीर झाला लिहायला, परतताना बोगद्यापाशी अडकलो आणि आठवडा तसाच गेला.

शाळा खरंच सुंदर आहे, त्यात वाद नाही. घोडे तीन आहेत. एकूण मुलं सहाशेच्या वर, राहणाऱ्या मुली चौतीस. जुना_पेटीवाला, तुमचं वाक्य आम्ही दोघं एकदमच आठवलो आणि एकमेकांकडे बघितलं.

वॉर्डन बाई चांगल्या वाटल्या, प्रेमळ. जूनमध्ये लागल्या आहेत. त्यांच्या आधीच्या किती वर्षं होत्या, तर म्हणाल्या, 'त्याही चांगल्या होत्या.' रात्री बाई असते, कपाट उघडंच असतं, तेही मी उघडून बघितलं. ड्रायव्हर मात्र खालच्या गावात राहतो. ताई, तुमचाच ड्रायव्हर असावा.

रविवारची दुपार सांगते. मेसला एकच बाई होती, बाकीच्यांना सुट्टी. सकाळची भाजी गरम करून, बरोबर पाव. वाईट नव्हतं, आमच्याकडेही रविवारी रात्री हेच असतं. हॉलमध्ये टीव्ही, समोर बाराएक मुली. दोघी जिन्यात बसून एकमेकींच्या वेण्या घालत होत्या. मैदानावर कोणी नाही, कारण सर नसले की मैदानावर जायची परवानगी नाही.

लेक त्या वेणीवाल्यांच्यात जाऊन बसली. मी ऑफिसात चहा घेत बसले, सांगितल्याप्रमाणे. अर्ध्या तासाने बाहेर आले तर बाईसाहेब ग्रंथालयाच्या बंद दारापाशी, काचेला नाक लावून. आत पुस्तकं दिसत होती. किल्ली ग्रंथपालांकडे. ग्रंथपाल घरून येतात. रविवारी येत नाहीत, शनिवारी दुपारी जातात.

शाळेत वाईट कोणीच नाही. शाळा शनिवारी दुपारी घरी जाते आणि चौतीस मुली तिथे उरतात, एवढंच.

गाडीत तिला विचारलं, कशी वाटली? म्हणाली, 'शाळा आवडली. रविवार नाही आवडला.' मग जरा वेळाने, 'आई, इथे पण तीन ते साडेसातच आहे, फक्त मोठं.' नवऱ्याने त्यानंतर पुण्यापर्यंत रेडिओ लावला नाही.

सध्या तरी ती शाळा नाही. सहावी इथेच. सासूबाई फोनवर म्हणाल्या, लिफ्ट दुरुस्त करा, मी येते. तुम्ही मला विचारलंच नाहीत. खरंच विचारलं नव्हतं. सोसायटीला अर्ज दिलाय. तोवर बुधवार माझा, आणि दोन दिवस खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका तिला बसवून घ्यायला तयार आहेत. त्यांनी पैसे नको म्हटलं, मी ऐकलं नाही. सोमवार आणि शुक्रवार अजून उघडे आहेत.

निवासी शाळेचा विचार सोडलेला नाही. लेकच म्हणते आठवीला बघू, पूर्ण निवासी असेल तर. स्वतःची यादी केलीय वहीच्या मागच्या पानावर. पहिला प्रश्न: 'ग्रंथालयाची किल्ली कोणाकडे?' दुसरा: 'घोड्याला रविवारी कोण फिरवतं?'

ताई, एक विचारायचं राहिलं. आठवीत नवीन गेलेल्या मुलीला जड जातं का? बाकीच्यांची मैत्री जमून गेलेली असते ना?

वसतिगृहाची_ताई | २५ नोव्हेंबर, सकाळी ११:१०

जातं, पहिलं सत्र. आठवीच्या मुलींचे गट घट्ट असतात. पण एकाच वेळी पाच-सहा नवीन मुली घेणारी शाळा असेल तर त्या नवीन-नवीन एकत्र राहतात आणि निभतं. एकटीच नवीन असेल तर नको. किती नवीन घेता, हा तिसरा प्रश्न यादीत लिहायला सांगा तिला.

आणि हो, घोड्याचा प्रश्न उत्तम आहे. नऊ वर्षांत मला सुचला नाही.

खवचट_काका | २५ नोव्हेंबर, सकाळी ११:२५

आमच्या सोसायटीतही ग्रंथालय आहे. किल्ली सेक्रेटरीकडे. ते चार वर्षं ऑस्ट्रेलियात आहेत.